पऱ्हाट्या आधी, तुराट्या नंतर

नांदेड व लातूर भागांत पुष्कळ घरी थंडीत पाणी तापविण्यास पऱ्हाट्या व तुराट्याच जाळतात. पावसाळ्यात कोरडे सरपण मिळत नाही, म्हणून दोन्हींच्या गंजी राखण्याचा प्रघात आहे. गृहिणींची ही काळजी रास्त आहे. परंतु पऱ्हाट्यांवरील किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी सुप्तावस्थेत राहते आणि पुढे पतंग होऊन नव्या कपाशीवर अंडी घालते. २०१७ साली या अळीने केलेली हानी शेतकरी विसरले नसतील. यास्तव उपटलेल्या पऱ्हाट्यांवरील बोंडे झोडून तत्काळ जाळावीत, मोळ्या बांधावर रचू नयेत व मृगापूर्वी संपवाव्यात. पावसाळ्यासाठी तुराट्या राखाव्यात. त्या दगडांवर रचल्यास ओल व वाळवी यांपासून बचाव होतो. काढताना गंजी प्रथम काठीने हालवावी. विंचू बहुधा तेथेच असतो.