परीक्षेला बसलेला पुतळा

दसऱ्यापासून पाडव्यापर्यंतच्या दिवसांत आमच्या इंदिरानगरातून संध्याकाळी एखादी फेरी मारली, तर दर दोन-तीन इमारतींआड एक नवी मोटार झेंडूची माळ घालून उभी असलेली दिसते. पुढच्या पत्र्यावर कुंकवाचे स्वस्तिक, चाकाखाली लिंबू आणि भोवती सगळे घर गोळा झालेले! पूर्वी अशा वेळी शेजारी एकच प्रश्न विचारीत, “ॲव्हरेज किती देते?” हल्ली त्याच्या जोडीला दुसरा प्रश्न आला आहे, “स्टार किती?” आणि मुलगा बोर्डात आला हे सांगावे अशा सुरात मालक उत्तर देतो, “पाच!”

परीक्षा आणि गुण हा माझ्या पोटापाण्याचा विषय. मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. मोटारीच्या यंत्राशी माझा संबंध पेट्रोल भरण्यापुरता. पण वर्षानुवर्षे उत्तरपत्रिका तपासून मला एक खोड जडली आहे. कुणी गुण सांगितले की मनात येते, परीक्षा कशाची होती? प्रश्न कोणते होते? आणि मुख्य म्हणजे परीक्षेला बसले कोण होते? मोटारीच्या पाच ताऱ्यांच्या बाबतीत या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मोठे मौजेचे आहे, आणि थोडे काळजीचेही. परीक्षेला बसतो तो एक पुतळा. आणि तो पट्टा बांधून बसतो.

ही परीक्षा घेतात तरी कशी? नाशिकहून पुण्याला जाताना सिन्नर, संगमनेर, नारायणगाव मागे पडले की राजगुरुनगरनंतर चाकण येते. तिथल्या कोंडीत आपल्यापैकी अनेकांचे तास गेले असतील. मोटार-उद्योगाच्या संशोधनासाठी १९६६ साली पुण्यात ‘ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया’ ही संस्था निघाली. तिचे एक केंद्र या चाकणला आहे, आणि तिथे चांगल्या कोऱ्या मोटारी मुद्दाम आदळून पाहण्याची सोय आहे. २२ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्र सरकारने ‘भारत एनकॅप’ ही तारे देण्याची योजना जाहीर केली आणि १ ऑक्टोबरपासून ती अमलात आली. तिच्यात भाग घेणे कारखानदाराच्या खुशीवर आहे.

मुख्य पेपर समोरच्या धडकेचा. मोटार ताशी ६४ किलोमीटर वेगाने एका अडथळ्यावर नेऊन सोडतात. अडथळ्याचे तोंड ॲल्युमिनियमच्या जाळीचे, मधाच्या पोळ्यासारखे असते. समोरून येणाऱ्या दुसऱ्या मोटारीचे ते सोंग. धडकही पुऱ्या तोंडावर नव्हे, तर रुंदीच्या ४० टक्के भागावरच देतात. कारण खऱ्या रस्त्यावर माणूस शेवटच्या क्षणी चाक फिरवतो आणि गाडी एका अंगावर आपटते. दुसऱ्या पेपरात ताशी ५० किलोमीटर वेगाची ट्रॉली कुशीत घुसते. तिसऱ्यात मोटार ताशी २९ किलोमीटर वेगाने आडवी जाऊन खांबावर आदळते.

ताशी ६४ म्हणजे आपल्याला काहीच वाटत नाही. आमच्या उड्डाणपुलावर या वेगाने जाणाऱ्याला मागचे लोक हॉर्न देतात. पण हिशेब करून पाहा. या वेगाने भिंतीवर आदळणे म्हणजे सुमारे १६ मीटर उंचीवरून, म्हणजे पाच मजली इमारतीच्या गच्चीवरून, खाली पडणे. गच्चीच्या कठड्यावर आपण मुलाला क्षणभर बसू देणार नाही. त्याच मुलाला मोटारीत दोन आसनांच्या मधे उभे राहू देतो.

आता त्या परीक्षार्थीची ओळख करून घेऊ. पोलाद, ॲल्युमिनियम, रबर आणि वर कातडीसारखे व्हिनिल असा तो घडवलेला असतो. ज्या घराण्यातला पुतळा आज सर्वत्र वापरतात तो अमेरिकेच्या जनरल मोटर्स कंपनीत १९७६ साली तयार झाला. उंची सुमारे १७५ सेंटीमीटर, वजन सुमारे ७८ किलो. त्याच्या डोक्यात, मानेत, छातीत, मांड्यांत मोजणारी उपकरणे बसवलेली असतात. चेहऱ्याला आणि गुडघ्यांना निरनिराळे रंग फासतात. धडकेनंतर कोणता रंग कुठे लागला यावरून कोणता अवयव कशावर आपटला ते कळते. सारा खेळ सेकंदाच्या सहाव्या-सातव्या हिश्शात आटोपतो. म्हणून सेकंदाला हजार चित्रे टिपणारे कॅमेरे लावतात आणि मग ते नाट्य सावकाश पाहतात.

पुतळा बोलत नाही, पण आकडे सांगतो. डोक्याला बसलेला हिसका किती जोराचा होता आणि किती काळ टिकला, या दोहोंचा गुणाकार-भागाकार करून एक अंक काढतात. तो फार चढला की कवटीला व मेंदूला गंभीर इजेचा धोका वाढला असे समजायचे. छातीची फासळी किती मिलिमीटर आत दबली, मांडीच्या हाडावर किती भार आला, हेही मोजतात. या आकड्यांवरून गुण. मोठ्या माणसांच्या रक्षणाला ३२ पैकी, मुलांच्या रक्षणाला ४९ पैकी. पाच तारे हवे असतील तर पहिल्यात किमान २७ आणि दुसऱ्यात किमान ४१ मिळवावे लागतात. एका विषयात पैकीच्या पैकी आणि दुसऱ्यात नापास, अशी सवलत इथे नाही.

“पण मुळात माणसाचे शरीर किती सोसू शकते, हे त्यांना कळले कसे?” असे कुणी विचारील. त्याची कथा रोमहर्षक आहे. अमेरिकन हवाई दलातील डॉक्टर जॉन स्टॅप यांनी १० डिसेंबर १९५४ रोजी स्वतःला रॉकेटने ढकललेल्या एका घसरगाडीत करकचून बांधून घेतले. वेग ताशी १०१७ किलोमीटरपर्यंत गेला, आणि नंतर दीड सेकंदाच्या आत गाडी थांबली. स्वतःच्या वजनाच्या ४६ पट भार त्यांच्या अंगावर आला. डोळ्यांत रक्त उतरून काही काळ दिसेनासे झाले, पण हा मनुष्य वाचला, आणि पुढे १९९९ पर्यंत जगला. शरीर नीट बांधलेले असेल तर ते आपल्या कल्पनेपेक्षा पुष्कळ सोसते, हे त्यांनी स्वतःच्या देहावर सिद्ध केले.

मोटारीच्या सुरक्षिततेचे सारे शास्त्र याच एका गोष्टीत आहे : थांबायला अंतर मिळाले पाहिजे. मोटारीचे नाक चुरगळत चुरगळत साठ सेंटीमीटरांत गाडी थांबली, तर ताशी ६४ च्या धडकेत सरासरी २७ पट भार येतो. तेच थांबणे सहा सेंटीमीटरांत झाले, तर तो भार दहापट वाढतो. पट्टा बांधलेला माणूस गाडीबरोबर थांबतो, म्हणून त्याला ते साठ सेंटीमीटर लाभतात. न बांधलेला माणूस गाडी थांबली तरी ताशी ६४ ने पुढे जातच असतो, आणि मग समोरच्या टणक वस्तूवर त्या सहा सेंटीमीटरांत थांबतो.

जुन्या पिढीतील मंडळी अशा वेळी हटकून म्हणतात, “पूर्वीच्या गाड्या कशा पोलादी होत्या! हल्लीचा पत्रा बोटाने दबतो.” त्यांच्यासाठी एक प्रयोग सांगतो. २००९ साली अमेरिकेतील विमा कंपन्यांच्या एका संस्थेने १९५९ सालची शेवरले बेल एअर ही धिप्पाड मोटार आणि २००९ सालची शेवरले मालिबू यांची समोरासमोर टक्कर लावली. नव्या गाडीचे नाक चेपले, पण माणसे बसतात तो पिंजरा शाबूत राहिला. तिच्या पुतळ्याच्या पायाला दुखापत झाल्याचे दिसले. जुन्या गाडीचा पिंजराच कोसळला, आणि तिचा चालक वाचला नसता असा निष्कर्ष निघाला. पत्रा चेपावा हीच त्याच्याकडून अपेक्षा आहे. आपल्या वाटचे चेपणे तो स्वतःकडे घेतो.

अशा परीक्षांनी खरोखर काही फरक पडतो का? पडतो. जानेवारी २०१४ मध्ये ‘ग्लोबल एनकॅप’ या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लोकप्रिय छोट्या मोटारी आदळून पाहिल्या. पाचही मोटारींना शून्य तारे मिळाले. त्यांतील फोक्सवॅगन पोलोच्या कारखानदारांनी हवेच्या उश्या नसलेली गाडी भारतात विकणे बंद केले. उश्या घातलेल्या त्याच पोलोला चार तारे मिळाले. पुढे कायदाही हलला. ऑक्टोबर २०१७ पासून नव्या नमुन्याच्या मोटारींना धडक-चाचणी सक्तीची झाली. डिसेंबर २०१८ मध्ये टाटांची नेक्सॉन पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय मोटार ठरली. आणि जानेवारी २०२० मध्ये आमच्या नाशिकच्या कारखान्यात तयार होणाऱ्या महिंद्रा एक्सयूव्ही ३०० लाही पाच तारे मिळाले. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत जाणारी किती तरी मंडळी इंदिरानगरात राहतात. त्या दिवशी चहाच्या टपरीवर त्यांची मान ताठ असल्यास नवल नाही.

येथवर सारे गोड आहे. आता काळजीच्या भागाकडे वळतो.

माझ्या मावसभावाने यंदा पाच ताऱ्यांची मोटार घेतली. भाऊबीजेला सगळ्यांनी तिच्यातून पुण्याला जायचे असा बेत ठरत होता. बाळ चौदा महिन्यांचे, दहा किलोचे. ते पुढे आजीच्या मांडीवर बसणार, हे गृहीतच होते. मी हळूच विषय काढला, तेव्हा मावशी म्हणाली, “अरे, आम्ही काय मुले वाढवली नाहीत? मांडीइतकी सुखाची जागा जगात दुसरी आहे का?”

मी म्हटले, “सुखाची आहेच गं मावशी. पण धडकेच्या क्षणी दहा किलोचे बाळ सत्तावीस पट जड होते. म्हणजे २७० किलो. गव्हाची पाच पोती आणि वर वीस किलो. ती तुला डोळ्याचे पाते लवायच्या आत धरून ठेवायची आहेत.”

“म्हणजे माझ्या हातून ते सुटेल म्हणतोस?”

“तुझ्याच काय, पहिलवानाच्या हातूनही सुटेल. आणि समोरून ती हवेची उशी ताशी दोनशे किलोमीटरहून अधिक वेगाने बाहेर येते. ती पट्टा बांधलेल्या मोठ्या माणसासाठी केलेली आहे.”

मावशी थोडा वेळ गप्प राहिली. मग तिने जो प्रश्न विचारला, तो माझ्या एम.ए.च्या विद्यार्थ्यांनाही सुचला नसता. “मग त्या परीक्षेत पुतळ्याचे पोर कुठे बसवतात?”

वाचकहो, मर्म नेमके इथे आहे. परीक्षेत दीड वर्षाच्या आणि तीन वर्षांच्या मुलांचे पुतळे मागच्या आसनावर, मुलांसाठी केलेल्या खास खुर्चीत, पट्ट्यांनी बांधलेले असतात. कुणाच्या मांडीवर ते नसतात. मांडीवरच्या मुलाची परीक्षा या योजनेत झालेलीच नाही. मग त्याचे गुण आपण कोणत्या आधारावर मागायचे? मावसभावाने चकचकीत अलॉय चाकांवर जेवढा खर्च केला होता, त्याहून कमी पैशांत ती खुर्ची आली.

मागे बसणाऱ्या मोठ्या माणसांचेही तेच. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांच्यासोबत मागे बसलेले दुसरे गृहस्थ यांचे निधन झाले. पुढचे दोघे जखमी होऊन वाचले. मागच्या दोघांनी पट्टे बांधलेले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. गाडी चांगली महागडी होती. हे एकच उदाहरण नाही. सरकारी आकडेवारीनुसार २०२२ साली देशात पट्टा न लावलेल्या १६,७१५ माणसांचा अपघातांत मृत्यू झाला, आणि त्यांत जवळजवळ निम्मे, ८,३३१, चालक नसून प्रवासी होते. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने पट्टा न लावणाऱ्याला, तसेच चौदा वर्षांखालील मुलाला पट्ट्याने किंवा खुर्चीने न बांधणाऱ्याला, हजार रुपये दंड ठेवला आहे. पण “बोगद्यापलीकडे तर जायचे आहे” म्हणून आपण निघतो, आणि मागच्या पट्ट्यांच्या कड्या नव्या सीट कव्हरखाली कायमच्या गडप झालेल्या असतात.

काही बहाद्दर तर गाडीचा इशारा बंद पाडण्यासाठी पट्ट्याविना नुसतीच कडी आणून खाचेत खुपसतात. अशा कड्या विकणाऱ्या पाच ऑनलाइन दुकानांना २०२३ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने त्या काढून टाकायला लावल्या. आमच्या धंद्यात याला ‘कॉपी’ म्हणतात. फरक इतकाच की इथे पकडला गेलेला विद्यार्थी पुढच्या वर्षी पुन्हा बसू शकत नाही.

परीक्षेच्या आणखी दोन-तीन मर्यादा ध्यानात ठेवाव्यात. पेपर ताशी ६४ चा आहे. ताशी १०० ने जाणाऱ्या गाडीत धडकेची शक्ती त्याच्या जवळजवळ अडीचपट असते. मुख्य पुतळा ७८ किलोच्या पुरुषाच्या मापाचा आहे. आपल्या घरातली आजी त्या मापाची नसते, म्हणून तिने आसन आणि पट्टा स्वतःच्या अंगाला नीट जुळवून घ्यावा. पट्टा पोटावरून न जाता कमरेच्या हाडावरून आणि छातीवरून गेला पाहिजे. आणि २०२२ मध्ये रस्त्यावर मरण पावलेल्यांपैकी सुमारे ४४ टक्के लोक दुचाकीवरचे होते. त्यांच्याभोवती चेपायला पत्राच नसतो. त्यांचे तारे म्हणजे डोक्यावरचे शिरस्त्राण आणि मोटारवाल्याचा आवरलेला वेग.

तेव्हा नवी मोटार जरूर घ्या, तारे पाहूनच घ्या. ज्यांनी लोखंड वाकवून, पुतळे आपटून ही विद्या मिळवली त्यांचे आपल्यावर उपकार आहेत. फक्त भाऊबीजेला निघण्यापूर्वी पाच मिनिटे काढून सीट कव्हरखालच्या कड्या बाहेर काढा, मागच्यांसह सर्वांचे पट्टे लावा, आणि लहानग्याला त्याच्या खुर्चीत मागे बसवा. तो पहिले दोन दिवस रडेल. संगमनेर येईपर्यंत बहुधा झोपी जाईल.