जुनी वेगवान वॅगन घेताना: भीती कुठे असावी, कुठे नसावी

मीरा-भाईंदरमधल्या घराला गाडीकडून काय हवं असतं? घरची चार-पाच माणसं बसावीत, गणपतीला कोकणात जाताना सगळं सामान डिकीत मावावं, सुट्टीत समृद्धीवरून संभाजीनगर गाठावं. घरात कोणाला गाडी चालवण्याची खरी आवड असेल, तर इंजिनही दमदार हवं. या दोन्ही मागण्या एकाच गाडीत बसवायचा युरोपातला जुना मार्ग म्हणजे वेगवान स्टेशन वॅगन. नव्या गाडीची किंमत ऐकून बहुतेक जण सेकंडहँडकडे वळतात आणि मग सोसायटीतून, नातेवाइकांकडून, एजंटकडून सल्ले यायला लागतात. ते ऐकताना सारखं जाणवतं की लोक नको तिथे घाबरतात आणि जिथे घाबरायला हवं तिथे निर्धास्त असतात.

पहिलाच समज असा, की असली गाडी आपल्याकडे आलीच नाही. वॅगन आपल्याकडे खपल्या नाहीत हे खरं. टाटा इस्टेट १९९२ मध्ये आली, पुढे मारुतीची बलेनो अल्टुरा आणि २००४ मध्ये इंडिगो मरिना आली. लांब डिकीची गाडी म्हणजे सामान वाहायची गाडी, हा शिक्का त्यातल्या एकीलाही पुसता आला नाही. तरीही जून २०१५ मध्ये ऑडीने आरएस६ अवांत ही अस्सल वेगवान वॅगन भारतात आणली. चार लिटरचं व्ही८ इंजिन, ५६० अश्वशक्ती, शून्यापासून शंभरचा वेग ३.९ सेकंदांत आणि एक्स-शोरूम किंमत १ कोटी ३५ लाख. नंतर २०१७ मध्ये व्होल्वो व्ही९० क्रॉस कंट्री आणि २०१८ मध्ये मर्सिडीजची ई-क्लास ऑल-टेरेन आली. या दोन्ही डिझेलवरच्या, आरामदायी आणि भक्कम, पण त्यांचा पिंड शर्यतीचा नाही.

सामान्य घराच्या आवाक्यातला पर्याय स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस हाच. युरोपात ही गाडी वॅगनच्या रूपातही मिळते. आपल्याकडे आलेल्या आरएसला वॅगनचं छत नाही, पण मागचं दार काचेसकट वर उघडतं आणि डिकी ५९० लिटरची आहे. आरएस६ अवांतची डिकी ५६५ लिटरची, म्हणजे सामानाच्या हिशेबात ऑक्टाव्हियाच वरचढ. भारतात २०१७ ला आलेल्या आरएसची ताकद २३० पीएस आणि किंमत २४.६२ लाख होती. २०२० ची आरएस २४५ ही ३५.९९ लाखांची होती आणि ती फक्त २०० जणांना मिळाली. ऑक्टाव्हियाचं महाराष्ट्राशी नातंही जुनं आहे, कारण २००१ पासून ही गाडी औरंगाबादजवळच्या शेंद्र्यात जोडली जात होती. इथून पुढे मी मुख्यतः याच गाडीचं उदाहरण धरतो.

आता खर्चाकडे येऊ. ‘किंमत निम्मी झाली, म्हणजे खर्चही निम्मा’ हा समज सगळ्यांत महागात पडतो. घसारा फक्त गाडीच्या किमतीला लागतो. ब्रेक डिस्क, शॉक ॲब्सॉर्बर, टर्बो, हेडलाइट यांच्या किमती नव्या गाडीच्याच राहतात. कोटीची आरएस६ तिसऱ्या हाताने कितीही स्वस्त मिळाली, तरी तिचा टायर कोटीच्या गाडीचाच घ्यावा लागतो. विम्यातही असंच आहे. स्वतःच्या नुकसानीचा हप्ता गाडीच्या घटलेल्या किमतीवर ठरतो, म्हणून तो कमी होतो. थर्ड पार्टीचा हप्ता मात्र इंजिनाच्या आकारावर ठरतो. १५०० सीसीच्या वरच्या खासगी गाडीला २०२२ च्या दरपत्रकानुसार तो वर्षाला ७,८९७ रुपये आहे, मग गाडी नवी असो वा दहा वर्षांची. म्हणून व्यवहार ठरवताना खरेदीच्या रकमेशिवाय पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी वेगळे पैसे बाजूला काढता येतील का, हे आधी पाहावं. तेवढी सोय होत नसेल, तर ही गाडी घेऊ नये असं मी स्पष्ट सांगेन.

गिअरबॉक्सबद्दलचा गैरसमज जरा सविस्तर सांगायला हवा, कारण त्यात दोन्ही बाजूंचे लोक चुकतात. ‘डीएसजी म्हणजे डोकेदुखी, हात लावू नका,’ असं गॅरेजमध्ये सर्रास ऐकू येतं. डीएसजी हे एकाच गिअरबॉक्सचं नाव नाही. साध्या १.८ टीएसआय पेट्रोल ऑक्टाव्हियात सात गिअरचा, कोरड्या क्लचचा प्रकार आहे, त्याला डीक्यू२०० म्हणतात. अडचणी याच्यात जास्त आल्या. त्याचं मेकॅट्रॉनिक युनिट, म्हणजे गिअर बदलणारा इलेक्ट्रॉनिक-हायड्रॉलिक भाग, गाडी गर्दीत सतत रांगत राहिली की तापतं आणि बिघडतं. २०१३ मध्ये फोक्सवॅगनने याच गिअरबॉक्समधलं तेल बदलून देण्यासाठी जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्या परत बोलावल्या होत्या. २०१७ च्या आरएसमधला सहा गिअरचा डीएसजी वेगळा आहे. त्याचे क्लच तेलात बुडालेले असतात, त्यामुळे उष्णता आणि जोर तो चांगला सोसतो. आरएस २४५ मध्ये गिअर सात असले, तरी क्लच तेलातलेच आहेत. म्हणून ‘सात गिअर म्हणजे वाईट’ हा हिशेबही चुकीचा.

ओल्या क्लचची मात्र एक अट आहे. सहा गिअरच्या डीएसजीचं तेल आणि त्याचा फिल्टर दर ६०,००० किलोमीटरला बदलावाच लागतो. ‘गिअरबॉक्सचं तेल आयुष्यभर चालतं’ असं विकणारा म्हणाला, तर तेल बदललेलंच नाही असं धरून चाला आणि बिल मागा. इंजिनाबाबतही एक गोष्ट नेमकी तपासायची असते. या पिढीच्या टीएसआय इंजिनात वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटचं प्लॅस्टिकचं घर गळतं, ही माहीत असलेली कमजोरी आहे. कूलंटची पातळी कमी दिसली किंवा पंपाजवळ वाळलेल्या कूलंटचे गुलाबी डाग दिसले, तर तो खर्च किमतीतून वजा करून घ्यावा. आरएस६ पाहत असाल, तर तिच्या व्ही८ इंजिनात टर्बोला तेल पोचवणाऱ्या बारीक जाळीबद्दल विचारा. ती तुंबली की टर्बो तेलावाचून कोरडे पडतात. याच कारणासाठी अमेरिकेत या इंजिनाच्या गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या गेल्या होत्या.

‘रिमॅप केलेली आहे, स्टेज वन, त्यामुळे जास्त मोलाची,’ असं विकणारा छातीठोकपणे सांगतो. माझ्या मते ही किंमत कमी करायला लावणारी गोष्ट आहे. इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून वाढवलेला जोर क्लच, टर्बो आणि ब्रेक यांना सोसावा लागतो. तो त्यांनी किती दिवस सोसला, हे बाहेरून दिसत नाही. फोक्सवॅगन समूहाच्या गाड्यांमध्ये अधिकृत सर्व्हिस सेंटरला असा बदल आढळला, तर कंपनीच्या नोंदीत त्यावर खूण केली जाते. त्यानंतर वॉरंटीखाली काही मिळण्याची आशा धरू नये. नोंदणीवेळचं स्वरूप परवानगीशिवाय बदलण्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची मनाई आहे, आणि विमा कंपनीला न सांगितलेला बदल दाव्याच्या वेळी आड येतो. सॉफ्टवेअर पुन्हा मूळचं करून घेतलं असेल, तरी पूर्वीची झीज भरून येत नाही.

पेट्रोलचा समज थोडक्यात. ‘९५ ऑक्टेनचं टाकलं की इथेनॉलची काळजी नाही,’ हे चूक. ऑक्टेन आणि इथेनॉल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उलट इथेनॉल मिसळल्याने ऑक्टेन वाढतो. गाडी किती टक्के इथेनॉलसाठी बनली आहे, ते टाकीच्या झाकणाआतल्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. ते स्वतः वाचा.

आता कायदा. ‘डिझेल गाडी दहा वर्षांत भंगारात’ ही भीती इथे लागूच नाही. दहा वर्षं डिझेल आणि पंधरा वर्षं पेट्रोल हा दंडक दिल्ली आणि तिच्या आसपासच्या राजधानी क्षेत्रासाठी आला. महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर गाडीची तपासणी होते, पर्यावरण कर भरावा लागतो आणि पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करता येतं. नूतनीकरणाचं शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झालं आणि अगदी जुन्या गाड्यांना त्याहूनही जास्त आहे, पण म्हणून गाडी भंगारात जात नाही.

दिल्लीच्या त्या नियमामुळे तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडे येतात आणि त्यातून दुसरा गैरसमज तयार होतो, की तिकडची गाडी घेतली की पैसे वाचले. परराज्यातली गाडी इथे बारा महिन्यांहून जास्त राहणार असेल, तर नवा नंबर घ्यावा लागतो आणि महाराष्ट्राचा कर वयानुसार नव्याने भरावा लागतो. तिथून फॉर्म २८ ची एनओसी आणावी लागते आणि तिथल्या कराच्या परताव्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. वाचलेले पैसे यातच जातात. शिवाय गाडी तिकडे कशी चालली, हे इथल्या कोणालाच माहीत नसतं.

डिसेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेने जुन्या गाड्यांवर १८ टक्के कर ठरवला, तेव्हा १५ लाखांच्या गाडीवर २ लाख ७० हजार कर बसणार, असे हिशेब मोबाइलवरून फिरत होते. तसं नाही. हा कर नोंदणीकृत विक्रेत्याच्या नफ्यावर आहे. १४ लाखांना घेतलेली गाडी त्याने साडेपंधराला विकली, तर कर दीड लाखावर, म्हणजे २७,००० रुपये. एका माणसाने दुसऱ्याला स्वतःची गाडी विकली, तर हा कर लागतच नाही.

जिथे खरोखर काळजी घ्यायला हवी, तो विषय म्हणजे आरसीवरचं नाव. ‘सही केलेले फॉर्म २९ आणि ३० हातात आहेत, बाकी सवडीने करू,’ असं म्हणत वर्षभर दुसऱ्याच्या नावावरची गाडी चालवणारे पुष्कळ आहेत. कायद्याने विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत. २०१८ च्या नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार खटल्यात गाडी बऱ्याच हातांतून गेली होती, तरी नोंदणीत नाव मूळ मालकाचंच होतं. अपघाताची भरपाई त्यालाच द्यावी लागेल, असं सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. म्हणजे उशिराची झळ विकणाऱ्यालाही बसते. घेणाऱ्यासाठी मुद्दा विम्याचा आहे. पॉलिसी आपल्या नावावर करण्यासाठी १४ दिवसांत अर्ज करायचा असतो. तो राहिला आणि गाडी ठोकली, तर स्वतःच्या नुकसानीचा दावा अडतो. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याकडेच राहतो, तेवढा फरक आपण भरायचा.

मीरा-भाईंदरची नोंदणी वर्षानुवर्षं ठाण्याच्या एमएच-०४ मध्ये होत आली. २०२५ मध्ये शहराला एमएच-५८ हा स्वतःचा क्रमांक मंजूर झाला. जुनी एमएच-०४ ची गाडी घेतली म्हणून तिचा नंबर बदलावा लागत नाही. बयाणा देण्याआधी वाहन पोर्टलवर चार गोष्टी पाहा: कर्जाचा बोजा, थकलेली ई-चलनं, विम्याची मुदत आणि कितवा मालक. बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ हातात येईपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका. गाडी १ एप्रिल २०१९ पूर्वीची असेल, तर तिला हाय सिक्युरिटी नंबरप्लेट बसलेली आहे का तेही पाहा, कारण तिच्याशिवाय नाव बदलण्याचं काम अडतं.

‘कमी चाललीय म्हणजे चांगली आहे’ यावरही विसंबू नका. काशिमिरा ते अंधेरी रोजच्या गर्दीत तीस हजार किलोमीटर चाललेल्या गाडीचं इंजिन हायवेवर साठ हजार चाललेल्या गाडीइतके तास सुरू राहिलेलं असू शकतं. मीटर मागे फिरवणारेही आहेत. पण किलोमीटरचा आकडा गाडीच्या एकाहून जास्त कंट्रोल युनिटमध्ये साठवलेला असतो. चांगल्या स्कॅनरवर ते आकडे एकमेकांशी जुळतात का, हे अर्ध्या तासात कळतं. चेसिस नंबरवरून अधिकृत सर्व्हिसचा इतिहासही मागता येतो.

आपल्या भागात पाण्यात गेलेल्या गाडीची शक्यता कायम लक्षात ठेवावी. पावसाळ्यात मीरा रोडच्या सखल रस्त्यांवर आणि बेसमेंट पार्किंगमध्ये पाणी भरतं. नंतर धुऊन-पुसून चकचकीत केलेली गाडी वरून ओळखू येत नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढा. टोकाकडच्या, नेहमी गुंडाळून आत राहणाऱ्या पट्ट्यावर मातीची आडवी रेघ किंवा तांबूस डाग असेल, तर गाडीत पाणी शिरलं होतं. डिकीतला गालिचा उचलून स्टेपनीच्या खोबणीत चिखल बघा, पुढच्या सीटखालचे बोल्ट गंजलेत का ते टॉर्चने पाहा. उत्तनच्या बाजूला खाऱ्या हवेत उघड्यावर उभी राहिलेली गाडी असेल, तर रॅम्पवर चढवून खालची बाजूही तपासा. टायरवरचे चार आकडे वाचा: पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. चारही टायर वेगवेगळ्या वर्षांचे असतील, तर का, हे विचारा.

परदेशात नातेवाईक असलेल्यांचा एक प्रश्न हमखास येतो: तिकडून जुनी वॅगन आणावी का? आयात धोरणाप्रमाणे जुनी गाडी उत्पादनापासून तीन वर्षांहून जुनी चालत नाही आणि स्टिअरिंग उजवीकडे हवं. त्यामुळे दुबई किंवा अमेरिकेतली गाडी तिथेच बाद होते. इंग्लंडातल्या गाडीवरचं शुल्क मोजलं, तर ते गाडीच्या किमतीहून जास्त भरतं.

गाडी पसंत पडली की शेवटची तपासणी पार्किंगमध्येच करून टाका. मेकॅनिकल स्टॅक पार्किंगच्या पाटीवर वजन आणि लांबीची मर्यादा लिहिलेली असते, ती आरसीवरच्या आकड्यांशी ताडून पाहा. आरएस६ जवळजवळ पाच मीटर लांब आहे. मग संध्याकाळच्या गर्दीत गोल्डन नेस्टपासून घोडबंदरच्या दिशेने निघा. गायमुखच्या चढावर रांगत्या रहदारीत अर्धा तास एसी चालू ठेवून चालवा. गाडी निघताना क्लच थरथरतो का, पहिला-दुसरा गिअर झटक्याने पडतो का, तापमानाचा काटा हलतो का, हे तिथेच कळतं. रिकाम्या हायवेवरच्या जोरदार पिकअपमध्ये यातलं काहीच दिसत नाही, आणि विकणारा टेस्ट ड्राइव्हला तिकडेच न्यायचा आग्रह धरतो.