दोष व्हॉल्व्हचा कीं जागेचा?

कोल्हापुरांत १९३२ सालीं ‘प्रभात’नें ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट निर्माण केला. त्या काळीं नटांचा आवाज प्रेक्षकांच्या कानीं पडे, तो व्हॉल्व्हच्या ध्वनिवर्धकांतूनच. असा ध्वनिवर्धक आजही कित्येक हौशी गृहस्थ घरीं जुळवितात. आणि आवाज फाटूं लागला, कीं नवा व्हॉल्व्ह आणावयास धांवतात. ही घाई महागांत पडते.

अशा यंत्राच्या अखेरच्या टप्प्यांत पुष्कळदां दोन सारखे व्हॉल्व्ह जोडीनें काम करतात. त्यांतील एकाच्या आंतील धातूचा पत्रा लाल होऊं लागला, तर यंत्र तत्काळ बंद करावें. व्हॉल्व्ह निवाले, कीं दोघांच्या जागा बदलून क्षणभर पाहावें. लाली व्हॉल्व्हबरोबर दुसऱ्या जागीं गेली, तर दोष व्हॉल्व्हचा. ती मूळच्याच जागीं राहिली, तर व्हॉल्व्ह निर्दोष; मागील टप्प्याशीं जोडणारा कंडेन्सर बहुधा झिरपत असतो. त्यामुळें व्हॉल्व्हच्या जाळीवरील ऋण दाब नाहींसा होऊन प्रवाह बेसुमार वाढतो. तेथें नवा व्हॉल्व्हही जळावयाचाच.

कांचेवरील निळसर झांक निरुपद्रवी असते. कांचेच्या आंतील चंदेरी लेप पांढरा पडला, तर मात्र हवा शिरली असें समजावें.

एक सावधगिरी प्राणाइतकी महत्त्वाची आहे. आंत ३०० ते ४०० व्होल्टचा दाब असतो, आणि यंत्र बंद केल्यावरही तो कंडेन्सरांत टिकून राहतो. मोजून तो शून्य झाल्याची खात्री होईपर्यंत आंत हात घालूं नये.