साडेपाच हंगामांचा शॉर्टस्टॉप

बेसबॉलच्या मैदानात दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये उभा राहतो तो शॉर्टस्टॉप. फलंदाज बहुधा उजव्या हाताचे, त्यामुळे जमिनीलगतचे जोरकस फटके जास्त करून त्याच्याच अंगावर येतात. धावत जाऊन चेंडू अडवायचा आणि फलंदाज पहिल्या बेसला पोचायच्या आत तो लांबवर अचूक फेकायचा, हे त्याचे रोजचे काम. ते इतके अवघड, की तो फलंदाजीत बेताचा असला तरी संघ चालवून घेतात. दक्षिण कोरियाच्या ली जोंग-बॉमने हा हिशेबच मोडला.

त्याचा जन्म १५ ऑगस्ट १९७० चा, ग्वांगजू शहरातला. मे १९८० मध्ये लष्कराने तिथला लोकशाहीसाठीचा उठाव चिरडला, तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. दोनच वर्षांनी, त्याच राजवटीत, व्यावसायिक बेसबॉल लीग सुरू झाली आणि ग्वांगजूच्या वाट्याला हेते टायगर्स हा संघ आला. ग्वांगजू ज्यात येते त्या, सत्तेत आणि उद्योगधंद्यांत डावलल्या गेलेल्या होनाम प्रदेशाने तो आपला मानला. १९८३ ते १९९७ या काळात हेतेने नऊ अजिंक्यपदे जिंकली, आणि मुदुंग स्टेडियममध्ये प्रेक्षक 'मोकपोचे अश्रू' हे जुने गाणे एका सुरात गात. लीच्या लोकप्रियतेमागे हे शहर आहे. ते वगळून त्याची नुसती आकडेवारी वाचणे मला अपुरे वाटते.

कोंगुक विद्यापीठातून तो १९९३ मध्ये हेतेत आला. पहिल्याच वर्षी त्याने ७३ बेस चोरले, म्हणजे फटक्याची वाट न पाहता धावून पुढचे बेस गाठले, आणि अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पुढचे वर्ष मात्र वेगळ्याच पातळीवरचे. १९९४ मध्ये १२४ सामन्यांत १९६ हिट, १९ होम रन, ०.३९३ची सरासरी आणि ८४ चोरलेले बेस. त्याहून मोठी सरासरी कोरियन लीगमध्ये एकदाच नोंदली गेली आहे, बेक इन-चोनची ०.४१२, पण ती १९८२ची, ८० सामन्यांच्या हंगामातली. १९६ हिटचा विक्रम सो गन-चांगने २०१४ मध्ये मोडला. ८४ बेसचा अजून अबाधित आहे, आणि माझ्या मते खरे आश्चर्य तेच. पिचरने चेंडू टाकायला सुरुवात केल्यापासून कॅचरची फेक दुसऱ्या बेसवर येईपर्यंत जेमतेम साडेतीन सेकंद मिळतात. हे धाडस हंगामभर करायचे, पायांवर, खांद्यांवर आपटत घसरायचे, आणि डाव संपला की त्याच अंगाने शॉर्टस्टॉपला उभे राहायचे! लोकांनी त्याला 'वाऱ्याचा पुत्र' म्हटले ते उगीच नव्हे.

१९९५ मध्ये लष्करी सेवेमुळे त्याला ६३ सामनेच खेळता आले. १९९७ मध्ये त्याने ३० होम रन मारले आणि ६४ बेस चोरले. सर्वाधिक होम रनचा मान दोनने हुकला, तो ली सुंग-योपला मिळाला. त्याच सुमारास आशियाई आर्थिक संकटात हेते उद्योगसमूह कोसळला आणि ली जपानला, नागोयाच्या चुनिची ड्रॅगन्सकडे गेला. हेतेचाच थोर पिचर सुन दोंग-योल आधीच तिथे होता. दोंग-योल नाही, जोंग-बॉमही नाही, हे हेतेचे प्रशिक्षक किम उंग-योंग यांचे गाऱ्हाणे पुढे कोरियाभर लोकांच्या तोंडी झाले.

जून १९९८ मध्ये हानशिन टायगर्सच्या पिचरचा चेंडू लीच्या उजव्या कोपरावर आदळला. हाड मोडले आणि ६७ सामन्यांत त्याचा तो हंगाम संपला. फेकीचा सारा भार ज्यावर, तेच हे कोपर. पुढच्या वर्षी चुनिचीने शॉर्टस्टॉपची जागा नवख्या फुकुदोमे कोसुकेला दिली आणि लीला आउटफील्डमध्ये पाठवले. तिथून पुढे तो मुख्यतः आउटफिल्डरच राहिला. २००१ मध्ये तो ग्वांगजूला परतला, तेव्हा संघ किया कंपनीचा झाला होता.

दुसऱ्या पर्वाला उतरती कळा म्हणणारे मला घाईचे वाटतात. २००३ मध्ये त्याने ५० बेस चोरले. १६ मार्च २००६ रोजी, वर्ल्ड बेसबॉल क्लासिकमध्ये अ‍ॅनाहाइमला जपानविरुद्ध आठव्या डावापर्यंत एकही धाव झालेली नव्हती. कर्णधार ली तेव्हा ३५ वर्षांचा. फुजिकावा क्युजीच्या चेंडूवर त्याने दोन धावा आणणारा डबल मारला आणि हात उंचावून धावत सुटला. कोरिया २-१ ने जिंकला. २००९ मध्ये कियाच्या अजिंक्यपदातही तो होता.

२०१२ चा हंगाम सुरू होण्याच्या तोंडावर तो निवृत्त झाला आणि संघाने त्याचा ७ क्रमांक कायमचा राखून ठेवला. कोपर मोडल्यानंतर दोनच महिन्यांनी नागोयात जन्मलेला त्याचा मुलगा ली जंग-हू २०२२ मध्ये वडिलांप्रमाणेच लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. हा मान मिळवणारी कोरियातली ही पहिलीच बाप-लेकाची जोडी. जंग-हू आता सॅन फ्रान्सिस्को जायंट्सकडून खेळतो, आउटफील्डमध्ये.