बिबट्या दूर सोडला. हल्ले घटले का?

जुन्नर-आंबेगावच्या उसात बिबट्या दिसला, की मागणी ठरलेली: पिंजरा लावा, दूर सोडा. उपाय पटतो, पण गुण येतो का?

जुन्नर वनविभागात १९९३ ते २००१ दरम्यान माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले झाले. मग २९ बिबटे पकडून लगतच्या जंगलांत सोडले. त्यानंतर ही सरासरी १७ वर गेली, असे विद्या अत्रेय व सहकाऱ्यांच्या २०११ मधील शोधनिबंधात दिसते.

संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी हा प्रकल्प जरूर करावा. आधी ‘हलवल्याने फरक पडत नाही’ असे धरायचे. मग एवढा फरक निव्वळ योगायोगाने पडण्याची शक्यता मोजायची. ती फारच कमी निघाली, तर गृहीतक सोडायचे. मात्र त्या काळात दुसरे काय बदलले, हेही तपासायचे.

औषधालाही आम्ही हीच कसोटी लावतो. न तपासलेल्या उपायाची किंमत शेवटी माणूसच मोजतो.