वाचाळ, वाग्मी आणि निफाड

'वाचाळवीर' हा शब्द मथळ्यात आला नाही, असा आठवडा हल्ली जात नाही. अशा माणसाला इंग्रजीत 'लोक्वेशस' म्हणतात. त्याचं मूळ लॅटिन: 'लोक्वी' म्हणजे बोलणं, आणि 'आक्स' प्रत्यय लागला की 'लोक्वाक्स', बोलण्याची खोड असलेला. या प्रत्ययाची संगतच वाईट. 'एदाक्स' खादाड, 'मेंदाक्स' खोटारडा, 'रापाक्स' लुबाडणारा. पण त्याच 'लोक्वी'च्या आधी 'ए' जोडला, की तयार होतो 'एलोक्वेंट', उत्तम वक्ता.

संस्कृतात हाच खेळ त्याच्या कितीतरी आधी मांडलेला आहे. 'वाच्'ला एक प्रत्यय लावून पाणिनी 'वाग्मी' देतो आणि लगेच पुढच्या सूत्रात 'वाचाल' आणि 'वाचाट'. नंतरच्या वैयाकरणांनी तर बजावूनच ठेवलं, की वाचाल हा शब्द निंदेपुरताच. भरपूर पण नीट बोलणारा वाग्मीच. मराठीने वाचाळ रोजच्या वापरात घेतला, वाग्मी मात्र सत्काराच्या मानपत्रात अडकून पडला.

वाग्मी घडवता येतात, असं मानणारा एक माणूस 18 जानेवारी 1842 रोजी निफाडात जन्मला. महादेव गोविंद रानडे. पुण्यातली वसंत व्याख्यानमाला त्यांनी 1875 साली सुरू केली. ती चालवणाऱ्या संस्थेचं नावच वक्तृत्वोत्तेजक सभा. वक्त्याला विषय ठरवून द्यायचा, वेळ बांधून द्यायची आणि समोर श्रोते बसवायचे. वाचाळपणावर याहून चांगला उतारा मला तरी ठाऊक नाही.

बडबड्यासाठी इंग्रजीतला दुसरा शब्द 'गॅर्युलस', तो पाखरांच्या कलकलाटाशी जोडलेला. युरोपातल्या एका गोंगाट्या पक्ष्याचं शास्त्रीय नावही 'गॅर्युलस'च. निफाडकरांना अर्थ कळायला शब्दकोश नको, बाभळीतले सातभाई पुरेत.

निफाड तालुक्यातच लासलगावची कांदा बाजारपेठ आहे. तिथे बोलणं म्हणजे 'बोली', रोकडा व्यवहार. लिलाव पुकारणारा ट्रॅक्टरमागून ट्रॅक्टर सरकतो, मागे व्यापाऱ्यांचा घोळका; त्याच्या तोंडाला खळ नसतो, पण त्याला वाचाळ कोणी म्हणत नाही, कारण शेवटचा आकडा पट्टीवर चढतो. मग माल व्यापाऱ्याच्या खळ्यावर ओतला आणि खालचा कांदा हलका निघाला, की 'वांधा' होतो, आणि दोन्हीकडून खरी बडबड तेव्हा सुरू होते.