पिल्लाला आकडी येते तेव्हा

भाद्रपद आणि कुत्री यांचे नाते मराठी बोलण्यात केव्हाचेच पक्के झाले आहे. त्यापुढचा हिशेब मात्र आपण सहसा मांडीत नाही. कुत्रीचा गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा, म्हणजे नऊ आठवड्यांचा. भाद्रपदातला हिशेब कार्तिकात पुरा होतो, आणि ऐन दिवाळीच्या सुमारास आमच्या अमरावतीच्या गल्ल्यांतून, वाळूच्या ढिगांआड, जिन्यांखाली, बंद दुकानांच्या फळ्यांखाली चार-सहा पिल्ले कुईकुई करू लागतात. मुले फराळातला वाटा त्यांना नेऊन देतात, नावे ठेवतात, खोक्याचे घर करतात. संक्रांत येईपर्यंत त्यांतली किती उरली, हे मोजायला मात्र कोणी जात नाही.

काही गाडीखाली जातात, काही थंडीने जातात. आणि काहींना आकडी येते. खेळता खेळता पिल्लू लटपटते, आडवे होते, पाय ताठ होऊन वल्ह्यासारखे चालू लागतात, तोंडाला फेस येतो. मिनिट-दोन मिनिटांनी ते उठते आणि परक्या गावात आल्यासारखे चहूकडे पाहत राहते. पाहणाऱ्या मुलांच्या तोंडचे पाणी पळते, आणि मोठ्यांची तोंडे सुरू होतात.

मी मराठी शिकवतो. पशुवैद्यकाचा माझा अभ्यास नाही. पण नोकरी अमरावतीत आणि सासर अकोल्यात, त्यामुळे दोन्ही गावांतल्या पशुवैद्यांच्या बाकांवर मांडीवर पिल्लू घेऊन बसण्याचे योग पुष्कळ आले. तिथे बसून एक गोष्ट ध्यानात आली. पिल्लाला झटका आला की आम्ही आधी त्याला नाव देतो आणि मग जमल्यास डॉक्टर शोधतो. 'मिरगी' म्हटले की चपलेचा नाहीतर कांद्याचा वास आला. 'बाधा' म्हटले की लिंबू आले. 'पिसाळले' म्हटले की काठी आली. आणि 'जंत झाले असतील' म्हटले की कोणी काहीच केले नाही. नाव मिळाले की चौकशी थांबते, आणि पिल्लू मरते ते पुष्कळदा या थांबलेल्या चौकशीने.

आकडी हे लक्षण आहे, जसा ताप किंवा खोकला. मेंदूतल्या पेशींचा विजेचा व्यवहार एकाएकी बेताल झाला की अंग झटके देऊ लागते. तो बेताल का झाला याची कारणे अनेक, आणि ती शोधताना शहाणा पशुवैद्य पहिला प्रश्न विचारतो तो वयाचा.

दोन-तीन महिन्यांच्या आतले पिल्लू असेल तर आधी भुकेचा संशय घ्यावा. एवढ्याशा जिवाच्या यकृतात साखरेचा साठा तो किती असणार! अंगावर चरबी नाही, स्नायू नाहीत. आईपासून तुटले, रात्रभर उपाशी राहिले, वर थंडी पडली की रक्तातली साखर उतरते. मेंदूला तर साखरेवाचून क्षणभर चालत नाही. पिल्लू आधी मलूल होते, अंग गार पडते, चाल झोकांड्या खाते आणि मग झटके येतात. हौसेने विकत आणलेल्या छोट्या जातीच्या पिल्लांत हे फार दिसते, कारण ती मुळातच मूठभर असतात आणि पुष्कळदा वेळेआधी आईपासून तोडलेली असतात.

दोन वर्षांपूर्वी पौषात आमच्याच गल्लीत असे एक पिल्लू पडले. घोळका जमला आणि, "जवय जाऊ नोका, पिसायलं हाय थे!" असा निकालही लागला. एक जण काठी घेऊन आला. रोज त्याला पोळी घालणारी शाळकरी मुलगी तेवढी रडत सांगत होती की, त्याची आई परवा ट्रकखाली गेली, तेव्हापासून त्याने काही खाल्ले नाही. सुदैवाने जवळच राहणारे पशुवैद्य आले. त्यांनी हातमोजे चढवले, रक्ताचा थेंब तपासला. साखर तळाला गेली होती. शिरेतून ग्लुकोज गेले आणि पाऊण तासात पिल्लू शेपूट हलवू लागले. त्या मुलीचे वाक्य म्हणजे अर्धे निदान होते. ऐकून घेणारा मात्र एकच निघाला.

दुसरा संशय जंतांचा. गोल जंतांच्या अळ्या आईच्या पोटातच पिल्लात शिरतात, पुढे दुधातूनही जातात. म्हणून कालपरवा जन्मलेले पिल्लूही जंतमुक्त समजू नये. पोट नगाऱ्यासारखे, फासळ्या उघड्या आणि हिरड्या पांढऱ्याफटक, अशा पिल्लाचे अन्न जंतच खातात आणि पुन्हा साखर उतरण्याची वाट मोकळी होते. दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरवड्याला जंताचे औषध, हा त्यावर साधा उपाय. या जंतांची अंडी मातीतून आपल्या मुलांच्याही पोटात जातात, तेव्हा हा खर्च केवळ पिल्लापुरता नव्हे.

दीड-दोन महिन्यांनंतर आईच्या दुधातून मिळालेले संरक्षण ओसरू लागते आणि डिस्टेंपरची पाळी येते. आधी ताप, डोळ्या-नाकातून चिकट स्राव, खोकला, हगवण. मालकाला वाटते, सर्दी झाली. थोडे बरे वाटते न वाटते तोच रोग मेंदूत पोचतो. पिल्लू काहीतरी चघळत असल्यासारखा जबडा हलवते, एखादा पाय झोपेतही ताल धरल्यासारखा उडत राहतो. या रोगाचे मूळ सूक्ष्म विषाणू आहे, हे फ्रान्सच्या आंरी कारे यांनी १९०५ साली दाखवले. पण ते सर्वांना पटले नव्हते. १९२३ मध्ये 'द फील्ड' या इंग्रजी साप्ताहिकाने त्यावरील संशोधनासाठी आपल्या वाचकांकडून वर्गणी गोळा केली. त्या बळावर लेडलॉ आणि डंकिन या दोघांनी विषाणूची गोष्ट निर्विवाद केली आणि लसही तयार केली. एका साप्ताहिकाच्या वाचकांनी केलेले हे काम, म्हणून या पानावर मुद्दाम सांगितले. २०१८ साली गीरचे सिंह दगावले तेव्हा त्यांतल्या काहींत याच विषाणूचा माग लागला होता. एकदा मेंदू गाठल्यावर त्यावर रामबाण औषध नाही. सहा ते आठ आठवड्यांच्या वयात पहिली लस आणि पुढे चार महिन्यांचे होईपर्यंत तीन-चार आठवड्यांनी पुढच्या मात्रा, एवढेच हाती आहे.

तिसरी वाट विषाची, आणि आमचा प्रांत कापसाचा. फवारणीचे औषध किती घातक असते, हे २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात शेतकरी आणि शेतमजूर दगावले तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. त्याच औषधाचा रिकामा डबा गोठ्याशी लोळत असतो आणि पिल्लू तो चाटते. लाळ गळते, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, अंग थरथरते आणि झटके सुरू होतात. उंदरांसाठी पिठात कालवलेले झिंक फॉस्फाइड तसेच. दिवाळीत त्यात चॉकलेटची भर पडते, आणि मधुमेही पाहुण्यांसाठी आणलेल्या बिनसाखरेच्या गोळ्यांचीही. त्यांतल्या काहींत असलेले झायलिटॉल माणसाला चालते. कुत्र्याच्या रक्तातली साखर मात्र ते झपाट्याने पाडते.

विष नेहमी विषाच्या डब्यातच असते असेही नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंड-अमेरिकेत कुत्री एकाएकी सैरावैरा धावत आणि झटके येऊन पडत. कोणी जंतांना दोष दिला, कोणी स्वभावाला. १९४६ साली एडवर्ड मेलानबी यांनी दाखवून दिले की, दोष गव्हाच्या पिठात होता. पीठ पांढरेशुभ्र दिसावे म्हणून गिरणीत त्यावर नायट्रोजन ट्रायक्लोराइडची प्रक्रिया करीत. पुढे ती पद्धत बंद झाली. कारण कुत्र्याच्या थाळीत होते आणि माणसे ते कुत्र्याच्या डोक्यात शोधीत होती!

काही पिल्लांत दोष जन्मतःच असतो. डोके घुमटासारखे आणि टाळू उघडी असेल तर मेंदूत पाणी साठल्याची शंका घ्यावी. जेवणानंतर तास-दोन तासांनी पिल्लू बावचळत असेल, तर यकृताला वळसा घालून रक्त नेणारी आडवाट शोधावी. खरी मिरगी, म्हणजे ज्या आकडीचे दुसरे कारण सापडत नाही ती, बहुधा सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या वयात सुरू होते. दोन महिन्यांच्या पिल्लाच्या कपाळी 'मिरगी' लिहिण्याची घाई म्हणूनच करू नये.

आता राहिले पिसाळणे. वरचे सारे वाचून, 'पिसाळले' हा शब्दच खोटा, असे कोणी समजेल तर अनर्थ होईल. पिल्लेही पिसाळतात. अकोल्यात सासरच्या वाड्यासमोर एका हिवाळ्यात एक पिल्लू घशात काही अडकल्यासारखे करी, लाळ गाळी, झटके देई. "जंत झाले" म्हणून मुलांनी त्याला मांडीवर घेऊन दूध पाजले. चौथ्या दिवशी ते मेले. पशुवैद्याने रेबीजची शंका सांगितली आणि सगळ्या मुलांना लशींसाठी दवाखान्यात न्यावे लागले. वेळेवर नेली, म्हणून आज ती मोठी होऊन हिंडत आहेत. पाण्याची भीती हे माणसाच्या रेबीजचे लक्षण आहे. पिसाळलेले कुत्रे पाणी पिते, म्हणून निर्धास्त राहू नये. अनोळखी, लस न टोचलेले पिल्लू चावले, ओरखडले किंवा जखमेवर चाटले, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे जखम धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. माणसात रेबीजची लक्षणे उमटली की मग जवळजवळ काहीच करता येत नाही.

मग आकडी आल्यावर घरच्याने करावे काय? पिल्लाला जमिनीवरच राहू द्यावे, आसपासच्या टणक वस्तू दूर साराव्यात, गोंगाट थांबवावा. तोंडात बोट, चमचा, पाणी काही घालू नये. कुत्रे जीभ गिळत नाही. घड्याळ पाहावे. झटका पाच मिनिटांपेक्षा लांबला किंवा एका दिवसात पुन्हा पुन्हा आला, तर वाट न पाहता निघावे. खिशातल्या मोबाइलवर झटक्याचे चित्रीकरण करावे. पशुवैद्याला आपल्या शंभर वाक्यांपेक्षा ते उपयोगी पडते. शुद्धीवर आलेल्या, लस टोचलेल्या घरच्या पिल्लाच्या हिरड्यांना थोडा मध किंवा साखरेचे पाणी चोळावे आणि उबेत ठेवावे. विषाची शंका असेल तर डबा किंवा वेष्टन बरोबर न्यावे.

आणि बरोबर न्यावा तो चार ओळींचा कागद: वय किती, शेवटचे खाल्ले केव्हा आणि काय, लशी कोणत्या, घराभोवती काय फवारले, कोणाला चावले का. गावोगावी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत आणि अकोल्याला पशुवैद्यकाची स्नातकोत्तर संस्था आहे. पण या प्रश्नांची उत्तरे तिथे कोणाच्याच कपाटात नसतात. ती असतात पिल्लाला पोळी घालणाऱ्या मुलीजवळ. यंदा दिवाळीत गल्लीत पिल्ले झाली असतील, तर घरातल्या मुलांना त्यांची वही ठेवायला सांगा. आणि अंगणातला औषधाचा रिकामा डबा आजच उचलून टाका.